घरापुरतं रान

परवा वाण्याकडे ज्वारीचा भाव विचारला आणि मी पिशवी तशीच हातात धरून उभी राहिले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, गव्हापेक्षा ज्वारी महाग! आमच्या आजीच्या वेळी पाहुणे आले की पोळ्या व्हायच्या, एरवी भाकरी. आता पाहुण्यांना भाकरी करायची आणि घरच्यांना पोळी!" आम्ही दोघी हसलो. पण घरी येताना मनात राहिलंच, की ही ज्वारी गेली कुठे?

मैत्रिणींनो, त्याचं उत्तर मला मिळालं ते लातूर जिल्ह्यात, औशाच्या बाजूला, एका बाईच्या अर्ध्या एकराच्या बांधावर बसून. भावाच्या कामासाठी तिकडे जाणं झालं, त्यात एक दिवस रिकामा मिळाला. भावाच्या ओळखीच्या घरी गेलो तर घरची बाई म्हणाली, "चहा घ्या, मग माझं रान बघाया चला." माझं रान! शेतकऱ्याच्या घरात "आमचं रान" ऐकलेलं होतं, "ह्यांचं रान"ही ऐकलेलं होतं. "माझं" पहिल्यांदाच ऐकलं. म्हणून गेले.

पण त्याआधी थोडं मागे जाऊ या.

आपल्यातल्या ज्या साठीच्या पुढच्या आहेत त्यांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. मी तेव्हा तिसरी-चौथीत होते. रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबूस ज्वारी मिळायची, मिलो म्हणायचे तिला. तिची भाकरी थापताना आई पुटपुटत असायची, कारण पिठाला चिकटपणा म्हणून नाही, भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तीन ठिकाणी तडकायची. खेड्यांतून माणसं खडी फोडायला, रस्त्यांवर, पाझर तलावांवर जात होती. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती आणि त्यांत बायका कितीतरी. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्याच काळात राज्यभर आली, पुढे तिचा कायदा झाला आणि देशानेही २००५ मध्ये तसा कायदा केला. त्या कामांनी लाखो चुली पेटत्या ठेवल्या हे खरंच आहे.

गावाकडची जुनी माणसं एक फरक सांगतात. बहात्तरला घरात दाणा नव्हता, पण विहिरीला हंडाभर तरी पाणी होतं. २०१२ नंतरच्या दुष्काळांत दुकानात दाणा होता, पण पाणी नव्हतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. त्याआधीच्या पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट तुमच्या नक्की लक्षात असेल, कारण ती आपल्या डब्यात घडली. २०१५ च्या दिवाळीच्या सुमाराला तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली होती. आपण वरण पातळ केलं, कुणी मुगावर भागवलं. आणि त्याच वेळी औशाच्या त्या घरात, तुरीच्या मुलुखात, दुकानातून पावशेर-पावशेर तूरडाळ आणली जात होती!

"का हो? तुमच्याकडे तर शेती," मी विचारलं.

"शेती हाय, पर समदं सोयाबीन व्हतं की," ती म्हणाली. "पेरायला पैसा, फवारायला पैसा. त्या साली पाऊस आला न्हाई, शेंगा धरल्याच न्हाईत. आता सोयाबीन काय भाकरीसंगं खायाचं हाय का? पीक गेलं तवा पैसाबी गेला आन् दाणाबी गेला."

मराठवाड्यात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सोयाबीन पसरलं ते काही उगीच नाही. तीन-साडेतीन महिन्यांत पैसा हातात येतो, काढणीला यंत्र मिळतं, बाजारात केव्हाही खपतं. उलट रब्बी ज्वारी म्हणजे कंबरेची परीक्षा. ताट मुळासकट हाताने उपटायचं, कणसं खुडायची, पाखरं राखायची. मजूर मिळत नाहीत. म्हणून ज्वारी मागे सरली आणि आपल्या वाण्याकडे महाग झाली. पोराची फी, लेकीचं लग्न, दवाखाना हे सगळं पैशानेच होतं, तेव्हा नगदी पीक घेणाऱ्याला नावं ठेवायला मी तयार नाही. पण सगळंच्या सगळं रान एका पिकाखाली गेलं, की पाऊस हुकल्यावर पहिला फटका पिठाच्या डब्याला बसतो. आणि पिठाचा डबा सांभाळणारी कोण, हे तुम्हाला सांगायला नको.

त्याच दुष्काळाच्या वर्षांत लातूर-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागात बायकांचं एक काम वाढत होतं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर घरं पुन्हा बांधताना गावोगावच्या बायकांना पुढे आणणारी प्रेमा गोपालन यांची स्वयम शिक्षण प्रयोग ही संस्था त्यामागे होती. सांगणं अगदी साधं होतं. नवऱ्याकडून अर्धा एकर, जमलं तर एक एकर मागून घ्या. त्यात आधी घराला लागतं ते पेरा, धान्य, डाळी, भाजी. खत घरचं, औषध घरचं, बी होता होईल तो घरचं. उरेल ते बाजारात न्या. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पण पुरस्काराची बातमी चार ओळींची असते. घरात मागणं कसं घालायचं, ते त्यात येत नाही.

"मालकाला कसं विचारलं?" असं मी तिला मुद्दाम विचारलं.

ती पदर तोंडाला लावून हसली. "दोन म्हैने विचारलंच न्हाई. जेवाया वाढताना तोंडावर यायचं, परत गिळायची. सासूबाई म्हणल्या, बायामाणसाला येगळं रान कशाला, येगळी चूल मांडायची का? मग बैठकीत दुसऱ्या गावची एक बाई आली, तिनं तिच्या मेथीचा हिशेब सांगितला. रातच्याला मालकाला म्हणलं, एक साल द्या. बुडालं तर पुन्यांदा न्हाई मागणार."

"आणि दिलं?"

"दिलं की! पर कोणतं? बांधाकडचं, मुरमाड. गवतबी उगवायला लाजंल असं!"

चांगली काळी सोयाबीनला आणि बायकोला मुरमाड, हा अनुभव तिच्या एकटीचा नाही. तिच्या गटातल्या बऱ्याच जणींना पहिल्या वर्षी असंच रान मिळालं होतं. आपल्या घरात नाही का, नवा टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि जुना खुर्रर करणारा पंखा स्वयंपाकघरात!

तिने त्या मुरमाडात शेणखत ओतलं, गांडूळखताचा वाफा केला, गोमूत्र-गुळाचं कालवण करून घातलं. पहिल्या वर्षी मेथी, शेपू, गवार आणि कडेने शेवगा. दुसऱ्या वर्षी मूग, उडीद, तूर. मी गेले तेव्हा बोटं मोडत तिच्या रानातली पिकं मोजली ती सतरा भरली, बांधावरचा कढीपत्ता आणि लिंबू धरून. ज्वारीच्या कडेने करडईच्या काटेरी ओळी होत्या. "जनावर आत शिरत न्हाई, आन् तेलबी व्हतं."

आता तुम्ही म्हणाल, इतकं सतरा प्रकारचं थोडंथोडं कशाला? एकच चांगलं करावं की. मीही तेच म्हणाले. तेव्हा तिने मला तुरीच्या ओळींमध्ये बसवलं. मूग साठ-सत्तर दिवसांचा, पोळ्याच्या आसपास घरात येतो. तूर मात्र सहा महिने उभी राहते, तिचं मूळ खोल जातं. जुलै-ऑगस्टात पावसाने दडी मारली तर मूग गेला, पण तूर कशीबशी तग धरते आणि परतीच्या पावसावर उभारी घेते. परतीचा पाऊस चुकला तर तूर हलकी पडते, पण तोवर मूग डब्यात असतो. दोन्ही एकदम बुडाले असं क्वचित होतं. आपण नाही का घरखर्चातले पैसे थोडे डाळीच्या डब्यात, थोडे साडीच्या घडीत, थोडे भिशीत ठेवत? कुठला तरी एक कोपरा सापडतोच. शेतात हेच करतात त्याला मिश्रपीक म्हणतात, आणि ते आपल्या आज्या-पणज्या करत आल्या आहेत.

रब्बी ज्वारीचंही तसंच. मालदांडी हे नाव तुम्ही धान्याच्या पाटीवर वाचलं असेल. ही ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि नंतर पाऊस पडला नाही तरी ती वाढते. काळ्या जमिनीने पावसाळ्यात पिऊन ठेवलेल्या ओलीवर तिचा संसार चालतो. फक्त ती ओल उडू द्यायची नाही. काळी जमीन सुकली की भेगाळते आणि भेगांतून आतली ओल निघून जाते. म्हणून कोळपं फिरवून वरचा थर भुसभुशीत करायचा, भेगा बुजवायच्या. भातावर ताट झाकलं की वाफ आत राहते ना, तसं. खेड्यात म्हणतातच, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. शिवाय कडबा मिळतो. सोयाबीनच्या भुसकटावर म्हैस पोसत नाही, आणि दुष्काळात म्हैस विकावी लागली की घरातलं दूधही गेलं आणि हातातला रोजचा पैसाही.

पाण्याचं म्हणाल तर भांडी घासलेलं पाणी वांग्याला, जनावर धुतलेलं पाणी शेवग्याला. विहिरीला उन्हाळ्यात अर्धा तास मोटर चालेल एवढंच पाणी. पण अर्ध्या एकराला ठिबकच्या नळ्यांनी तेवढं पुरतं, आठ एकराला कुठून पुरणार? मला वाटतं, सगळी मेख इथे आहे. थोडं पाणी मोठ्या रानाला अपुरं पडून वाया जातं, तेच लहान रानाला जीव देतं.

हे सगळं गुलाबी रंगात रंगवावं असं मात्र मला वाटत नाही. एक तर ही बाई पहाटे साडेचारला उठते. आधी घरचं, मग नवऱ्याच्या रानातलं आणि उरल्या वेळात "माझं रान". कामाची वाटणी कुणी केलेली नाही, नुसती भर पडली आहे. दुसरं, जिला गुंठाभर जमीन नाही तिने मागायचं कुणाकडे? अशा घरांतल्या बायका दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, नवरा-बायकोची जोडी करून, कोयता घेऊन. एक दिवस रजा घेतली तर मुकादम पैसे कापतो. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड बायकांची पाहणी झाली. सुमारे ८२ हजार जणींपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीचा त्रास, सुट्टीचा दंड, डॉक्टरांचा सल्ला, या सगळ्याच्या कचाट्यात. दुष्काळाशी जुळवून घेणं हाही एक प्रकार झाला, आणि त्याची किंमत ही अशी. तो ऊस तरी कुठे असतो? केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानेच हिशेब मांडला आहे, की महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीत ऊस चार टक्क्यांच्याही आत, पण सिंचनाचं जवळजवळ ७० टक्के पाणी तो पितो.

म्हणजे एका बाईने आपलं रान कितीही शहाणपणाने राखलं तरी शेजारच्याने सातशे फूट बोअर मारून खालचं पाणी ओढलं, की तिची विहीर कोरडी. इथे घरातला शहाणपणा पुरत नाही, गावाचा लागतो. आणि तसा गाव महाराष्ट्राने पाहिलेला आहे.

बहात्तरच्या दुष्काळात पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात हिंडले. १९७४ मध्ये त्यांनी नायगावला देवस्थानची ४० एकर उजाड जमीन खंडाने घेतली, बांध घातले, पाणी अडवलं. त्यातून उभी राहिली पाणी पंचायत. तिचे नियम वाचले तेव्हा मला एखाद्या करड्या पण न्यायी सासूची आठवण झाली. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने. माणशी अर्ध्या एकराचं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जायचा नाही. आणि ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा! पंगतीत वाढताना आपण पाहुण्याची शेती विचारतो का? पानं मोजतो आणि वाढतो.

नगर जिल्ह्यातलं (आताचं अहिल्यानगर) हिवरे बाजार तुम्हाला ऐकून ठाऊक असेल. पोपटराव पवार तिथले सरपंच झाले त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. तिथे पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, विहिरींत किती आहे. आधी माणसांचं पिण्याचं, मग जनावरांचं, आणि राहिलेल्यात रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. पाऊस कमी तर पेरणी कमी. शेतीसाठी बोअर मारायला मनाई, ऊस-केळीला मनाई. महिन्याचं सामान भरताना आपण दुसरं काय करतो? पगार किती, आधी दूध, धान्य, फी. मग जमलं तर साडी. फरक एवढाच, की गावातल्या प्रत्येक घराला ती यादी एकदम मान्य करावी लागते. ते फार अवघड आहे. म्हणून अशी गावं बोटांवर मोजण्याइतकी राहिली, आणि पाहायला जाणारे मात्र बसगाड्या भरभरून.

पुन्हा आपल्या बाईकडे येते, कारण निघताना तिने एक प्रश्न विचारला आणि तो माझ्याबरोबर घरापर्यंत आला.

मी म्हटलं, "आता तर मालक खूश असतील."

"खूश हायत की. दुष्काळातबी दुकानातनं डाळ आणली न्हाई. गेल्या साली काळीतला तुकडा दिला त्यांनी, आपल्या हातानं." जरा थांबून म्हणाली, "पर रान माझं म्हंते खरं, सातबाऱ्यावर त्यांचंच नाव. पीक बुडालं तर भरपाई त्यांच्या खात्यात. मला पीककर्ज मागायचं तर बँकवाला म्हंतो, मालकाला घेऊन या."

हे दुखणं जुनं आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्ती नावाची मोहीम काढली होती, शेतकऱ्याने आपणहून थोडी जमीन बायकोच्या नावे करायची. त्या जमिनीत बायकांनी घरचं बी-खत वापरून आधी घरापुरतं पिकवावं, याला त्यांनी सीताशेती म्हटलं. म्हणजे लातूरच्या बायका करतात त्याची आजीच म्हणायची! तेव्हा कित्येक गावांत सातबारा उतारे समारंभाने बायकांच्या हाती दिले गेले. मुलींना वडिलार्जित जमिनीत मुलग्यांइतका वाटा महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला कायद्याने मिळाला. तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशभरच्या शेतखात्यांपैकी बायकांच्या नावची शंभरात चौदाच्या आसपास होती. शेतात राबणाऱ्या किती, ते कुठल्याही बांधावर उभं राहून मोजा.

"ताई, तुमची हाय का गावाकडं जमीन?" तिने विचारलं.

"सासरची आहे थोडी. बटईने दिली आहे."

"नाव कुणाचं?"

मला सांगता येईना. लग्नाला चाळीस वर्षं झाली, गॅसचं कार्ड, वीजबिल, सोसायटीची पावती कुणाच्या नावावर आहे ते झोपेतही सांगेन. आणि जमिनीचं ठाऊक नाही. तिने काही म्हटलं नाही. आत जाऊन मडक्यातले दोन ओंजळ हुलगे पुडीत बांधून आणले. त्यांना राख लागलेली होती. कीड लागू नये म्हणून बियाणं राखेत घोळून, वर कडुनिंबाचा पाला घालून ठेवते ती. "शेंगोळे करा," म्हणाली, "नायतर पेरा. ह्याला पाऊस लई लागत न्हाई."

घरी आल्यावर नातवाला हाताशी धरून महाभूलेखच्या संकेतस्थळावर उतारा पाहिला. घरबसल्या दिसतो हो, फक्त गाव आणि गट नंबर ठाऊक हवा, आणि गट नंबरासाठी दिरांना फोन करावा लागला. "काय वहिनी, आता शेती करणार की काय?" ते हसले. उताऱ्यावर सासऱ्यांचं नाव अजून आहे, ते जाऊन अकरा वर्षं झाली तरी. खाली चारही मुलगे. एक नणंद आहे आमची, तिचं नाव नाही. आम्हा चौघी सुनांचा तर प्रश्नच नाही. यांना दाखवलं तेव्हा यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बघू."

"बघू" म्हणजे काय ते तुम्ही जाणताच. पण मी सोडलेलं नाही. बटईदाराची बायको मला ओळखते, दर संक्रांतीला तिळगूळ पाठवते. तिला फोन करून विचारलं, यंदा विहिरीकडच्या अर्ध्या एकरात तुला काय पेरावंसं वाटतं? पलीकडे बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग म्हणाली, "मला इचारताय? मालकाला बोलवू का?"

मृगाच्या आधी आम्ही दोघं गावी चाललो आहोत. नणंदेलाही निरोप दिला आहे. निम्म्या हुलग्यांचे शेंगोळे झाले, निम्मे तसेच राखेसकट बरणीत ठेवले आहेत.